मळ्याचा चार्ज

सकाळी सातला पाळी बदलली आणि भिवाने पत्रा दाबणाऱ्या सात नंबरच्या प्रेसचा चार्ज दिला.

"काका, मशीन ओके. डाय जरा गरम हाय, पयले दहा पीस बघून घ्या. भंगाराची बिन रिकामी केलीया." हातमोजे काढता काढता तो हसला. "आन् सुटल्यावर मळा बघा. खूश होताल."

यशवंतराव येळवंडे जागच्या जागी थांबले. मळ्याचं भिवाला माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

"कुठला मळा?"

"गेममधला वो. तुमचाच. बघा तर." तोवर भोंगा झाला, आणि भिवा आपला डबा उचलून गेलासुद्धा.

यशवंतरावांना पुढचे आठ तास मशीनवर काढायचे होते. प्रेसशॉपमध्ये फोन नेता येत नाही. गेटवर सिक्युरिटीच्या पेटीत ठेवायचा, टोकन घ्यायचं आणि सुटताना टोकन देऊन फोन परत घ्यायचा. दारांच्या बिजागऱ्यांचा पत्रा एकामागून एक दाबत ते उभे राहिले. प्रत्येक ठोक्याला डोक्यात एकच प्रश्न होता, ह्याला कुणी सांगितलं?

त्यांचा खरा मळा निघोज्यात होता. पंधरा वर्षांपूर्वी तो औद्योगिक वसाहतीत गेला आणि आता तिथे कुठल्याशा गोडाऊनची मागची भिंत आहे. भिवा म्हणत होता तो मळा फोनमधला होता आणि तो जयमालेचा होता. जयमाला त्यांची बायको. आठ महिन्यांपूर्वी ती गेली.

जायच्या आधी अडीच वर्षं ती डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा पिंपरीला जायचं आणि चार-चार तास मशीनला बांधून पडायचं. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. त्या मोकळ्या हाताने काय करायचं म्हणून मुलीने, सायलीने, तिच्या फोनवर शेतीचा एक गेम टाकून दिला. बी लावा, पाणी घाला, पीक काढा, कोंबड्या पाळा. त्याचं इंग्रजी नाव जयमालेच्या तोंडी कधी बसलं नाही. ती त्याला मळाच म्हणायची.

आणि तिने तो मळाच केला. पूर्वेला विहीर, विहिरीवर जांभूळ, बांधाला रायवळ आंबा, गोठा कुठे, कडब्याची गंजी कुठे, सगळं निघोज्यातल्या मळ्यासारखं. गेममध्ये लाकडी पाट्या मिळत. त्या खरं म्हणजे पाहुण्यांसाठी होत्या, 'या, बसा' असं लिहायला. जयमालेने चाळीस पाट्या रोवल्या आणि प्रत्येकीवर काहीतरी लिहिलं. पाटी लांबून नुसती पाटी दिसायची. बोट लावलं की उघडायची.

ती गेल्यावर तीन महिने तिच्या फोनला यशवंतरावांनी हात लावला नाही. मग एका गुरुवारी, कंपनीला सुट्टी होती तेव्हा, चार्जिंगला लावून उघडला. मळा वाळून करपला होता. त्यांनी पाणी घातलं, ज्वारी लावली, आणि पहिली पाटी उघडली. 'इथे साप निघाला. हे माझ्या आधी पळाले.'

ती गेल्यावर ते पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

त्यानंतर दर गुरुवारी एक पाटी, एवढंच त्यांनी ठरवलं. एकदम वाचल्या असत्या तर तासाभरात संपल्या असत्या, आणि जयमालेचं नवीन असं काही उरलं नसतं. 'इथे बसून सायलीला पाजलं.' 'हा आंबा आंबट. सासूबाई म्हणायच्या गोड आहे, मग गोड.' अशा बावीस वाचून झाल्या होत्या. अठरा राहिल्या होत्या.

मधेच कंपनीत काम वाढलं आणि ओव्हरटाइम लागला. बारा-बारा तास फोन पेटीत. घरी येऊन बघावं तर ज्वारी वाळलेली, कोंबड्या उपाशी. दोन दिवस तसं राहिलं की सगळं रान पिवळं पडायचं, आणि ते पिवळं रान त्यांना बघवत नव्हतं. तेव्हा त्यांनी ते केलं, जे सात नंबरवर एकोणीस वर्षं करत आले होते. दुसऱ्या पाळीचा कुलदीप आला, त्याला चार्ज दिला.

प्रेसशॉपमध्ये चालतं मशीन कुणी सोडून जात नाही. पुढचा माणूस येतो, त्याला काय चालू आहे, काय बिघडलं आहे ते सांगायचं, मग हात काढायचा. यात कुणी आपलं-तुझं करत नाही. बाइक, रेनकोट, खोलीतली कॉट, सगळं तिथे असंच पाळीपाळीने वापरतात. यशवंतरावांनी मळ्याचा आयडी आणि पासवर्ड कुलदीपला एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि सांगितलं, "मी आत असलो की तू तेवढं पीक काढत जा. पाणी घाल. टाइमपास हाय आपला."

"अण्णा, या वयात गेम?" कुलदीप हसला होता.

"गप ए. काढशील का न्हाई तेवढं सांग."

मळा बायकोचा आहे हे त्यांनी सांगितलं नाही. पाट्यांना हात लावू नको हेही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं. बावन्न वर्षांचा माणूस, प्रेसशॉपमध्ये, बायकोच्या पाट्यांबद्दल काय बोलणार?

तीन वाजता कुलदीप आला. यशवंतरावांनी चार्ज देण्याआधी त्याचा दंड धरला.

"भिवाला मळा कुणी सांगितला?"

"मीच की." कुलदीपला त्यात काही वाटलं नाही. "तिसरी पाळी सुरू झाली ना, अण्णा. पहिलीला तुमी, दुसरीला मी, मग तिसरीला कोण? संध्याकाळी मी आत आन् तुमी दमून झोपलेले, तवा पीक कोण काढणार? भिवाला देऊन टाकला चार्ज. लई भारी खेळतो तो, राव."

"मला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? मशीनचा चार्ज देताना विचारतो का मी तुमाला?"

मागून सुपरवायझर ओरडला, "सात नंबर, बंद का?" यशवंतरावांनी हात सोडला. गेटवर टोकन दिलं, जयमालेचा फोन घेतला आणि लालमहंमदच्या चहाच्या टपरीपाशी उभे राहून गुरुवारनंतर पहिल्यांदाच मळा उघडला.

मळा नव्हता.

विहीर होती, कारण विहीर गेममधून काढता येत नाही. बाकी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गहू होता. आंबा नाही, जांभूळ नाही, बांध नाही, गोठा नाही. एकसुद्धा पाटी नाही. वर कोपऱ्यात पूर्वी चौतीसचा आकडा असायचा, तिथे एकसष्ट झाले होते आणि सोनेरी चांदण्या उडत होत्या. अभिनंदन, जयमाला.

"येळवंडे, चहा?" लालमहंमदने विचारलं. यशवंतरावांनी ऐकलं नाही. त्यांनी भिवाला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा झोपेतला आवाज आला.

"हां काका! बघितला का?"

"झाडं कुठं हायत?"

"काढली की. झाडांना उत्पन्न न्हाई, काका. लेव्हल वाढत न्हवती त्यांच्यापायी. निसती जागा अडवून बसल्याली. गहू दोन तासाला निगतो."

"पाट्या?"

"त्याबी काढल्या. चाळीस पाट्या, चाळीस खाचरांची जागा. तुमी बगा, चार दिसात मळा कुटं नेऊन ठिवला."

यशवंतरावांच्या तोंडून जे शब्द आले ते ऐकून टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली. एकोणीस वर्षांत त्यांनी प्रेसशॉपमध्ये कुणाला आईवरून शिवी दिली नव्हती.

भिवा कॉटवर उठून बसला. मग सावकाश म्हणाला, "काका, शिव्या नका देऊ. म्या काय चोरलं का तुमचं? काढल्यालं समदं गेमच्या गोडाऊनात जातं. पंधरा दिस ऱ्हातं. पुन्ना लावता येतं. सांगितलं असतं तर हातबी लावला नसता."

गोडाऊन. यशवंतरावांनी फोन कापला. म्हणजे पाट्या होत्या, अजून बाहेर काढता येत होत्या. त्या क्षणी त्यांनी शांतपणे गोडाऊन उघडलं असतं तर बहुतेक सगळं निभावलं असतं. पण ते रागात होते. आधी त्यांना चोरांना बाहेर काढायचं होतं. त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून पासवर्ड बदलला.

भिवाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं ते एवढंच, की भिवाच्या फोनवर आपोआप पीक काढणारं एक ॲप होतं. फोन गेटवरच्या पेटीत पडलेला असताना ते पेटीतल्या पेटीत गहू काढायचं, लावायचं, पुन्हा काढायचं. म्हणूनच चौतीसचे एकसष्ट झाले होते. ते ॲप आता जुन्या पासवर्डने पुन्हा पुन्हा आत जायला बघू लागलं. पेटीतल्या कुलदीपच्या फोनवर उघडा राहिलेला गेमही तेच करू लागला. घरी पोचून यशवंतरावांनी मळा उघडला तर काळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. त्यांनी त्या सायलीला वाचून दाखवल्या, एक-एक अक्षर लावत.

"अकाउंट बंद केलंय, बाबा," सायली फोनवर म्हणाली. "एकाहून जास्त फोनवरून वापरलंय, कसलं तरी चोरटं ॲप लावलंय, असं म्हणतायत. तुम्ही कुणाला दिलं होतं का?"

यशवंतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा."

"कुलदीपला दिला हुता."

"आईचा पासवर्ड?"

"पीक वाळत हुतं, सायली."

"आईने तुम्हाला तरी दिला होता का? औषधाच्या वहीमागे लिहिलेला, तुम्ही शोधून काढलात. आणि तो घेऊन तुम्ही कंपनीत वाटलात? कुणाचा मोबाइल नंबर देताना सुद्धा माणूस विचारतो हो!"

"आता ओरडतीस कशाला? ते काढून दे आधी."

सायली पिंपळे गुरवला राहते आणि तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करते. तिला ह्या गोष्टी कळतात. शनिवारी यशवंतराव तिच्याकडे गेले. तिने लॅपटॉप उघडून गेमच्या लोकांना पत्र लिहिलं, खाली जयमालेचं नाव घातलं, कारण ज्याचं खातं त्यानेच लिहायचं असा नियम होता. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं.

"प्रिय जयमाला," सायलीने वाचलं, "तुम्हाला झालेला त्रास आम्ही समजू शकतो."

"काय समजू शकत्यात?"

"बाबा, ते मशीन आहे. आपोआप येतं उत्तर."

"मग समजतंय म्हणून कशाला लिवतंय?"

तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा प्रिय जयमाला. खातं दुसऱ्याला वापरायला देणं नियमाविरुद्ध आहे, तुम्ही सुरुवातीला हे मान्य केलं आहे. तुम्हीच खातेदार आहात हे सिद्ध करण्यासाठी आता तुमचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा, डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा.

यशवंतराव खुर्चीतून उठले. "ह्यांना सांग, आधी आमाला तिचा चेहरा आणून द्या. मग डावीकडं वळवतो."

"बाबा, बसा."

"बसा काय? बाईनं अडीच वर्षं मळा केला. एका दिवसात कुलूप लावायला ह्यांना येतं, आन् बोलायला एक माणूस न्हाई ह्यांच्याकडं? आमची जमीन घेताना निदान तलाठी तरी हुता समोर. शिवी तरी देता आली त्याला."

पाच पत्रं गेली. गोडाऊनचे पंधरा दिवस संपायला चार उरले होते. शेवटी सायली म्हणाली, "आता खरं सांगून बघू. आई गेली हे सांगू, दाखला जोडू. कुणीतरी माणूस वाचेल, त्याला वाटेल काहीतरी."

यशवंतरावांना ते पटलं. महापालिकेचा मृत्यूचा दाखला त्यांनी कपाटातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीतून, हात पुसून. सायलीने फोटो काढून पाठवला. सोबत चांगलं लांब पत्र लिहिलं. डायलिसिसचं, पाट्यांचं, सगळं.

ह्या वेळी उत्तर यायला दीड दिवस लागला. म्हणजे खरंच कुणी माणसाने वाचलं असणार. त्याने खेद कळवला होता. आणि पुढे लिहिलं होतं की खातं फक्त खातेदाराचं असतं, ते वारसाला देता येत नाही. खातेदाराच्या निधनाची माहिती मिळाल्यावर नियमाप्रमाणे ते कायमचं बंद करून त्यातला मजकूर पुसण्यात येतो. तसा तो पुसण्यात आला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

सायलीने हे फोनवर सांगितलं आणि रडायला लागली. "मीच पाठवला, बाबा. मीच पाठवला दाखला."

"तू नगं रडू," यशवंतराव म्हणाले. "तू कुणाला चार्ज दिला न्हवता."

त्यांनी फोन ठेवला. दिवस गुरुवारचा होता, सुट्टीचा. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी सायलीच्या शाळेच्या वेळचं एक कोरं राहिलेलं रजिस्टर शोधलं, खिशाला पेन लावला आणि बाइक काढली. वाटेत कुरुळीत कुलदीपच्या दारात थांबले. तो बनियनवर गाडी धूत होता.

"चल."

"कुठं, अण्णा?"

"बस मागं. शर्ट घालून ये, का तसाच येतोस?"

भिवा महाळुंग्याच्या रस्त्याला पत्र्याच्या चाळीत राहायचा. एका खोलीत सहा जण, तीन कॉट. सुट्टीमुळे सगळे खोलीत होते. कुणी कपडे पिळत होतं, कुणी कांदा चिरत होतं. यशवंतराव दारात उभे राहिले तसा भिवा कॉटवरून उठला. शिव्या खाल्ल्यापासून त्या दोघांत चार्ज देण्यापुरतंच बोलणं होत होतं.

"काका, या. बसा."

"बसायला आलो न्हाई." यशवंतरावांनी रजिस्टर कॉटवर आपटलं. "मळा गेला. कायमचा. गोडाऊनसकट पुसला त्यांनी."

"अरारा," कुलदीप म्हणाला. "जाऊ द्या, अण्णा. नवीन अकाउंट काढून देतो. भिवा महिन्याभरात तुमाला पुन्हा साठ लेव्हलला..."

"कुलदीप, तोंड बंद ठेव न्हाईतर इथंच वाजवीन." खोलीतली माणसं कामं थांबवून बघायला लागली. यशवंतरावांना त्यांची पर्वा नव्हती. जे आधी सांगायला लाज वाटली ते त्यांनी तिथे, सात अनोळखी आणि अर्धओळखीच्या पुरुषांसमोर, चढ्या आवाजात सांगितलं. "तो मळा माझ्या बायकोचा हुता. पाट्या तिनं लिवल्या हुत्या. हातात सुया घालून. अठरा पाट्या मी वाचल्या न्हवत्या. तुमी दोघं वाचून बसलात, आन् मी न्हाई. माझ्या बायकोनं काय लिवलं ते महाळुंग्याच्या चाळीत म्हाईत, कुरुळीत म्हाईत, आन् माझ्या घरात म्हाईत न्हाई!"

कांदा चिरणाऱ्याने सुरी खाली ठेवली.

"मला सांगायचं हुतं, काका," भिवा हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, गेमसंगं येतंय ते. कंपनीनं लिवलेलं. 'सासूबाई' वगैरे वाचलं तवा वाटलं, मराठीतबी बनवायलेत आता."

"अण्णा, मला कळलं हुतं," कुलदीप जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणजे पहिल्या आठवड्यातच, पाट्या उघडून बघितल्या तवा. वहिनींचं नाव वर हुतंच की."

"आन् तरी ह्याला दिलास?"

"तुमीच म्हणला टाइमपास हाय."

यशवंतराव तसं म्हणाले होतेच. त्यामुळे ते आणखी चिडले.

"पाटी काढताना तुला वाचावी लागली का?" त्यांनी भिवाला विचारलं.

"व्हय. बोट लावलं की उगडायची, मंग इचारायचं, काढायची का म्हणून. वाचल्याबिगर निगतच न्हवती."

"मग लिही." त्यांनी पेन पुढे केला. "जेवढ्या आठवत्यात तेवढ्या. दोघंबी. एकेक पाटी, जशी हुती तशी. आपल्या पदरचं घालायचं न्हाई."

"काका, सहा-सात तर व्हतील..."

"लिही म्हणतो ना! मशीन बंद पडलं की काय काय झालं ते लिहून देतोस का न्हाई सुपरवायझरला? तसं लिही."

भिवा मांडी घालून बसला. अक्षर बरं होतं त्याचं. कुलदीप शेजारी टेकला. पहिल्या दोन यशवंतरावांनी वाचलेल्याच निघाल्या. ते म्हणाले, "ही झाली. पुढची." तिसरी कुलदीपला आठवली, पण तो बोलेना.

"बोल की."

"अण्णा, ती जरा... खासगी हाय."

"तू वाचलीस तवा खासगी न्हवती?"

कुलदीपचे कान लाल झाले. "'ह्या बांधावर ह्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. घरात मारायची सोय नव्हती.'"

खोलीतला कुणीतरी हसला आणि लगेच खोकला. यशवंतराव दाराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना ती हाक आठवत नव्हती. लग्नाला एकतीस वर्षं झाली असती. असं काही आपण केलं होतं हे त्यांना परक्या खोलीत, ओल्या बनियनवरल्या माणसाकडून कळत होतं. ह्याचा राग कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

"लिहिली का?"

"लिवली."

आणखी तीन झाल्या. कोथिंबिरीच्या वाफ्याची, कुत्र्याची, विहिरीत पडलेल्या कळशीची. मग भिवाने पेन खाली ठेवला.

"एक हाय. पर तुमाला राग यील."

"आता आणखी काय यायचा राहिलाय?"

"'मळ्याची सही ह्यांनी मला न सांगता केली. मी आठ दिवस बोलले नाही. ह्यांना वाटलं माझा घसा बसलाय.'"

"खोटं हाय," यशवंतराव एकदम म्हणाले. "हे तू बनवलंस. शिव्या दिल्या म्हणून."

"म्या कशाला बनवू, काका? तुमची सही म्या बघितली का तुमचा घसा बघितला?"

जमीन देण्याच्या कागदावर सही केली त्या आठवड्यात यशवंतरावांनी चाकणहून अडुळशाची बाटली आणली होती. रोज दोन चमचे, स्वतःच्या हाताने. आणि ती न बोलता पीत होती. आठही दिवस, एक शब्द न काढता. घशाला काहीही झालेलं नसताना. ते तिच्यासमोर चमचा धरून उभे राहायचे आणि विचारायचे, बरं वाटतंय का आता? ती मान हलवायची.

"मला तोंडावर सांगायला काय झालं हुतं तिला?" ते म्हणाले. कुणाला विचारत होते कोण जाणे. "पंधरा वर्षं! शेवटी तर घरात दोघंच असायचो. मला सांगायचं सोडून पाटीवर लिवून ठिवलं? गाढवासारखा चमचा घेऊन फिरलो मी. एकदा म्हणायचं तरी, अहो, घसा न्हाई, तुमीच बसलाय उरावर. भांडायचं हुतं. मी काय खाल्लं असतं का तिला?"

कपडे पिळणारा माणूस बादली घेऊन हळूच बाहेर गेला. कुलदीपने उठून पाण्याचा तांब्या पुढे केला. यशवंतरावांनी तो घेतला नाही.

"अण्णा, ही लिहू का नको?" कुलदीपने विचारलं. "राहू द्या वाटलं तर. कुणाला कळणार न्हाई."

"का राहू द्या? तिनं रोवली हुती ना ती? तू कोण काढणारा?" त्यांनी कॉटवरची कपड्यांची चळत बाजूला सारली आणि भिवाच्या समोर, कागद दिसेल असे बसले. "हाय तशी लिही. 'घसा बसलाय'पर्यंत सगळी."

भिवाने लिहिली. यशवंतरावांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवून ती दोनदा वाचली, पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

"पुढची सांग," ते म्हणाले.